मृत जीवाणूंच्या कॅप्सूलने साखर उतरेल का?

प्रश्न : माझे वय ५४ असून सात वर्षांपासून मला मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे. बेल्जियमला नोकरीस असलेल्या भाच्याने ‘अकरमॅन्सिया’ नावाच्या जीवाणूच्या कॅप्सूल आणून दिल्या आणि त्यांनी साखर व वजन आटोक्यात येते असे सांगितले. डबीवर मात्र ‘पाश्चराइझ्ड’ असे छापले आहे. दूध पाश्चराइझ करतात ते जंतू मारण्यासाठी. मग मेलेले जीवाणू पोटात जाऊन काय करणार? शिवाय मी रोज वाटीभर दही खाते, तेवढे पुरत नाही का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : डबीवरचा शब्द वाचून तुम्हाला पडलेली शंका अगदी रास्त आहे, तरीही यात फसवणूक नाही. हा जीवाणू २००४ मध्ये नेदरलँड्समधील वाखनिंगन येथील संशोधकांनी प्रथम वर्णिला आणि अकरमान्स या डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांचे नाव त्याला दिले. त्याच्या नावाचा दुसरा भाग ‘म्युसिनिफिला’, म्हणजे म्युसिन आवडणारा, असा आहे. मोठ्या आतड्याच्या आतील बाजूस जो बुळबुळीत थर असतो, त्याचा मुख्य घटक म्हणजे हे म्युसिन. अकरमॅन्सिया त्या थरात राहतो आणि त्यावरच जगतो. त्याने थर खाल्ला की आतड्याच्या पेशी नवा थर तयार करतात आणि आवरण ताजे राहते. आवरण विरळ झाले, तर काही जीवाणूंच्या भिंतीतील दाहकारक घटक रक्तात झिरपतात, शरीरात मंद दाह धुमसत राहतो आणि इन्सुलिनला पेशी नीट दाद देत नाहीत. आतड्यातील जीवाणूंचा रक्तातील साखरेशी संबंध लागतो, त्याचा एक महत्त्वाचा मार्ग हा आहे.

बेल्जियममधील लूव्हाँ विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये स्निग्ध आहारावर वाढवलेल्या उंदरांना हा जीवाणू दिला, तेव्हा त्यांचे आवरण पुन्हा जाड झाले आणि इन्सुलिनचा परिणाम सुधारला. पुढे २०१७ मध्ये असे दिसले की ७० अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून निष्क्रिय केलेला जीवाणू जिवंत जीवाणूपेक्षाही अधिक उपयोगी ठरतो. त्याच्या बाह्य आवरणात एक प्रथिन असते, ते या उष्णतेतही टिकते आणि आतड्याच्या पेशींना संदेश देण्याचे काम करते. जीवाणू जिवंत नसला तरी त्याचे हे प्रथिन शाबूत राहते, म्हणून डबीवर ‘पाश्चराइझ्ड’ लिहिलेले आहे.

माणसांवरील पुरावा मात्र अजून थोडा आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वजन जास्त असलेल्या ३२ जणांनी तीन महिन्यांचा काळ पूर्ण केला. ज्यांनी रोज सुमारे एक हजार कोटी निष्क्रिय जीवाणू घेतले, त्यांच्यात इन्सुलिनचा परिणाम सुधारला आणि एकूण कोलेस्टेरॉल उतरले. वजनातील घट मात्र निश्चित निष्कर्ष काढण्याइतकी नव्हती. युरोपीय अन्नसुरक्षा यंत्रणेने २०२१ मध्ये हे उत्पादन गर्भवती व स्तनदा स्त्रिया वगळता इतर प्रौढांसाठी सुरक्षित ठरवले, परंतु सुरक्षित ठरणे म्हणजे औषध म्हणून गुणकारी ठरणे नव्हे.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींच्या आतड्यात हा जीवाणू अधिक प्रमाणात आढळल्याच्या नोंदी आहेत, आणि टाइप २ मधुमेहींवर जिवंत जीवाणू वापरून अलीकडे झालेल्या चाचणीत ज्यांच्याकडे तो मुळात कमी होता त्यांनाच लाभ दिसला. म्हणजे जे मिळवण्यासाठी भाच्याने कॅप्सूल आणल्या, ते काही अंशी तुमची रोजची गोळीच करत असण्याची शक्यता आहे. त्यामुळे कॅप्सूलच्या भरवशावर गोळी कमी करू नका, हे मी कळकळीने सांगतो.

दही अवश्य खावे, पण दह्यातील जीवाणू वेगळे असतात. ते दुधातील साखरेवर वाढतात. अकरमॅन्सियाला जवळजवळ प्राणवायूविरहित जागा लागते, त्यामुळे तो विरजणात सापडत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. २०१६ मध्ये उंदरांवरील एका प्रयोगात आहारातील तंतू (फायबर) पूर्ण काढून टाकले, तेव्हा इतर जीवाणू उपाशी राहिले, म्युसिन खाणारे वाढले आणि त्यांनीच ते आवरण कुरतडून विरळ केले. जो जीवाणू पोटभर तंतूंच्या शेजारी हितकारक ठरतो, तोच उपाशी आतड्यात घातक ठरू शकतो. म्हणून डबी उघडण्याआधी ताटाकडे पाहावे. आपल्याकडे पुष्कळ घरांत पातळ वरणाचे वरचे पाणी भातावर ओतले जाते आणि घट्ट डाळ पातेल्याच्या बुडाशी राहते. भाजी चमचाभर, भात मात्र ढीगभर. ही सवय आधी बदला. ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची सालासकट उसळ, मेथी, गवार, अळशीची चटणी हे पदार्थ रोजच्या जेवणात आले, तर जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना सांगितलेले दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतूंचे प्रमाण गाठता येते. पोटात गॅस होऊ नये म्हणून हे प्रमाण दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा आणि पाणी पुरेसे प्या.

एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे गुण कशाचा ते कळते. आज एचबीए१सी, म्हणजे मागील दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या, तीन महिने आहारातील तंतू वाढवा आणि मग तीच तपासणी पुन्हा करा. त्यानंतरही कॅप्सूल घ्यावी असे वाटले, तर डबी तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि आणखी तीन महिन्यांनी आकडा पुन्हा पाहा.