वर्ण : निमगोरा

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांची, मुरूडजवळच्या गावातली. बाबांची होडी आहे. मी काळी आहे. सावळीबिवळी नाही, काळीच. पुण्यात शिकताना हॉस्टेलला माझ्या खोलीत नैरोबीची मुलगी होती. रात्री तिच्या मैत्रिणी जमायच्या आणि केस, रंग, मुलगे, लग्न यांवर कडाकडा भांडायच्या. केमिकलने सरळ केलेले केस तिने मुळापासून कापून टाकले होते, आपले कुरळे पुन्हा येऊ देत होती. ती सांगायची, आमच्याकडे उजळ मुलीला 'रांगी या थाओ' म्हणतात, हजाराच्या नोटेचा रंग. मी खूप हसले होते.

घरी आले तर आईने बायोडेटात 'वर्ण : निमगोरा' लिहिलेलं. पार्लरमधून बिनलेबलची क्रीमची डबी आणली, चार महिने लावतेय. चेहरा उजळला, मान तशीच. उन्हात गेलं की आग होते. मागच्या स्थळाच्या काकू माझ्यासमोर 'हबशीण' म्हणाल्या. या रविवारी श्रीवर्धनहून पाहायला येणार आहेत. मुलगा माझ्याहून काळा, पण त्याचा रंग कोणी काढत नाही. क्रीम सोडू का? आणि त्यांना काय सांगू?

उत्तर : आधी ती डबी. आज रात्रीपासून बंद. मी जन्मभर नर्सची नोकरी केली, तेव्हा हे ऐकच. असल्या डब्यांत पारा, स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन (कातडीचा रंग उतरवणारं रसायन) सापडतं. पारा कातडीला रंगद्रव्य बनवू देत नाही म्हणून चेहरा उजळतो, पण तोच अंगात मुरून किडनीला धरतो. केरळात मलप्पुरमला २०२३ साली गोरं करणाऱ्या क्रीममुळे किडनी बिघडलेले रुग्ण सापडले होते. डबी फेकू नकोस, त्वचेच्या डॉक्टरांना नेऊन दाखव आणि लघवी तपासून घे. उशीचा अभ्रा, टॉवेल वेगळे धू. स्टेरॉइड असेल तर सोडल्यावर चेहरा लाल होईल, पुरळ येईल. घाबरून परत लावायला जाऊ नकोस.

नोटेचा रंग! निदान भाव तरी उघड सांगतात. 'रांगी' म्हणजे आपला रंगच, बरं का. शब्दही त्याच समुद्रातून फिरलेला. आणि भांडणंही तीच. दक्षिण आफ्रिकेने हायड्रोक्विनोनच्या सौंदर्यप्रसाधनांवर १९९० मध्येच बंदी घातली. प्रिटोरियातल्या मुलींच्या एका शाळेत २०१६ साली काळ्या मुली केसांच्या नियमाविरुद्ध उभ्या राहिल्या आणि तो नियम स्थगित करावा लागला. शाळकरी पोरी होत्या त्या.

आता 'हबशीण'. हबश म्हणजे जुना अबिसिनिया, आजचा इथिओपिया. तुझ्या बाबांच्या होडीतून जंजिरा दिसत असेल. तिथले सिद्दी म्हणजे हबशीच. त्यांचं संस्थान १९४८ पर्यंत टिकलं, आणि श्रीवर्धनही त्यातच होतं. त्या काकू इथल्याच असतील तर त्यांच्या आजेसासऱ्यांनी हबशी नवाबालाच सारा भरला असेल! (नवाब म्हणजे देवमाणसं होती असं नाही. पण त्यांच्या दरबारात त्यांच्या रंगावरून बोलायची कोणाची छाती झाली असती?)

१९८१ साली मला पाहायला आले तेव्हा आईने माझ्या हातांना पावडर चोपडली होती. पोह्यांच्या बशीवर पाची बोटं पांढरी उमटली. तिथं जमलं नाही, ते बरंच झालं.

रविवारी तोंड नुसत्या पाण्याने धुऊन जा. मुलाशी दहा मिनिटं एकटी बोल. त्याच्या बायोडेटात वर्णाचा रकाना आहे का, एवढं हसत विचार आणि तो काय म्हणतो ते ऐक. त्याची आई काय म्हणते ते नंतर.

तुझ्या आईला मात्र शनिवारीच गाठ. नवी प्रिंट काढायला मुरूडला जावं लागेल. निमगोरा खोडून 'काळा' लिही, नाहीतर तो रकानाच काढून टाक.