ड्यूटीवर अंगठी काढावी लागते, तिची धास्ती

साखरपुड्याची अंगठी कामावर काढून ठेवावी लागते आणि ती हरवेल या धास्तीनं कामात लक्ष लागत नाही, ही तक्रार घेऊन माझ्याकडे बऱ्याच जणी येतात. मिरजेच्या एका रुग्णालयात ऑपरेशन थिएटरला असलेल्या सिस्टर त्यातल्याच. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

शस्त्रक्रियेआधी हात घासताना अंगठी, घड्याळ, बांगड्या उतरवाव्याच लागतात, कारण अंगठीखाली जंतू टिकून राहतात. या बाई अंगठी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवायच्या आणि जरा सवड मिळाली की जाऊन चाचपायच्या. "बघितलेलं असतं मॅडम, पण परत वाटतं, खरंच बघितलं का?" पुन्हापुन्हा तपासलं की असंच होतं. आत्ताचं बघणं आणि मघाचं बघणं एकमेकांत मिसळतं आणि स्वतःच्या आठवणीवरचा भरवसाच उडतो.

पण सोनं गेलं तर परत करता येतं, हे त्यांनाही कळत होतं. मग एवढी भीती कशाची? बोलता बोलता निघालं. एकदा ड्यूटीवरून तशाच एका बारशाला गेल्या, तेव्हा सासूबाई चारचौघींत म्हणाल्या, "वर्ष नाही झालं लग्नाला, अन् बोट मोकळं?" नवरा तिथंच होता. गप्प बसला.

पुढच्या वेळी नवऱ्यालाही बोलावलं. ते कुपवाड एमआयडीसीत लेथवर कामाला. त्यांची अंगठी कुठं आहे, विचारलं. "कपाटात. मशीनवर चालत नाही, अडकली तर बोट जायचं." घरात कधी कुणी विचारलं का? "नाही." मग बायकोकडे बघून म्हणाले, "आईशी मीच बोलायला पाहिजे होतं." पुरुषाचं बोट मोकळं दिसलं तर त्याचं काम आठवतं आणि बाईचं दिसलं तर तिच्या मनावर शंका येते, हे मला फार लागतं. बाईंची धास्ती तिथूनच वाढत गेली होती.

तोडगा दोघांनी मिळून काढला. ड्यूटीच्या दिवशी अंगठी घरीच, कपाटाच्या लॉकरमध्ये, झाकणाच्या एकाच डबीत. जागा दोघांना ठाऊक. कधी कामावर नेलीच तर फिरकीच्या डबीत घालून पर्सच्या चेनच्या कप्प्यात. रुमालात, एप्रनच्या खिशात, बेसिनच्या कडेला कधीच नाही. ठेवताना तोंडानं म्हणायचं, "आज मंगळवार, अंगठी डबीत ठेवली," म्हणजे त्या दिवसाची आठवण वेगळी राहते. त्यानंतर तपासायचं नाही. पहिले काही दिवस जीव वरखाली होतो, पण उठून गेलं नाही तर ती घालमेल आपोआप ओसरते. हा भाग सगळ्यात अवघड, आणि इथं बाईंनी खूप धीर धरला.

शिवाय पावती आणि अंगठीचा फोटो मोबाइलमध्ये. एप्रिल २०२३ नंतर विकलेल्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असतो, तोही टिपून ठेवावा. चोरीची तक्रार द्यायची वेळ आली तर दागिना ओळखायला उपयोगी पडतो.

सासूबाईंशी मुलगाच बोलला. त्या लगेच बदलल्या नाहीत, पण बाईंचं पर्सपाशी धावणं महिनाभरात बरंच कमी झालं. तुमच्या बाबतीत मात्र अंगठीबरोबर गॅस, कुलूप, नळ असं सगळंच तपासण्यात रोज तास जात असेल, तर एवढ्यावर भागणार नाही, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्यावर चांगले उपचार आहेत.