अंगणात उगवलेला माका खरा आहे का आणि त्याचं तेल घरी कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की लांब दांडीवर एकच फूल येतं, मध्ये पिवळं, कडेला फिकट पाकळ्या. मग तो माका नव्हे. ती एकदांडी, म्हणजे जखमेवर चोळून लावतात तो दगडी पाला. पुष्कळांची इथेच गफलत होते.

माक्याचं फूल पांढरं, शर्टाच्या गुंडीएवढं, आखूड देठावर. पानं समोरासमोर, लांबट, हाताला खरखरीत. पक्की खूण हवी असेल तर कोवळी फांदी मोडून तळहातावर चोळा. हिरवा रस बघता बघता काळा पडतो. भातकापणीनंतर खाचराच्या ओल्या बांधावर बसून आजीने मला हे दाखवलं होतं. माका खुडला की तिची बोटं दोन दिवस काळी असायची. संस्कृतात भृंगराज, केशराज म्हणतात तो हाच.

तेलाचं जुनं प्रमाण असं: वाटलेला पाला एक भाग, तेल चार भाग, रस सोळा भाग. म्हणजे पाव लीटर तेलाला एक लीटर रस आणि साधारण ६० ग्रॅम कल्क, म्हणजे तो वाटलेला पाला. लीटरभर रसाला माका ढीगभर लागतो, म्हणून आधी निम्म्याने करून बघा. आयुर्वेदाच्या ग्रंथात तीळतेल सांगितलंय, आम्ही कोकणात खोबरेल घेतो. तिन्ही कढईत एकत्र करा, आच मंदच ठेवा आणि तळ सतत ढवळा. शेवटी तेलावर फेस येतो. तेव्हा चोथा चिमटीत घेऊन वळा. वात वळली आणि ती विस्तवावर धरल्यावर तडतडली नाही, की उतरवा. पहिल्या खेपेला मी घाई केली, वात तडतडत असतानाच कढई उतरवली. आत पाणी राहिलं होतं, महिनाभरात बाटलीत बुरशी आली आणि सगळं तेल ओतून द्यावं लागलं.

सासऱ्यांच्या टकलाबद्दल विचारलंत. आनुवंशिक टक्कल या तेलाने भरून येणार नाही, पांढरे केसही काळे होणार नाहीत. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडेच जा. कोरडे, तुटणारे केस मऊ होतात, हे मात्र मी दर हिवाळ्यात अनुभवते.

आणि एक कळकळीने सांगते, गटाराच्या कडेचा माका घेऊ नका. तिथेच तो सगळ्यात हिरवागार दिसतो, पण सांडपाण्यातलं काय काय त्याने शोषलंय ते डोळ्यांना दिसत नाही. विहिरीजवळचा किंवा शेताच्या पाटाकडेचा बघा. एक रोप मिळालं तरी कुंडीत लावा, माती ओली राहिली की भराभर पसरतं.