सॅन फ्रान्सिस्कोत सायकल चालवायची तर

अरे, नकाशावरचं अंतर बघून हुरळून जाऊ नकोस. तिथं दोन किलोमीटरमध्येही घाम निघतो. हाइड आणि लेव्हनवर्थ या रस्त्यांच्या मधला फिल्बर्ट स्ट्रीटचा चढ ३१.५ टक्के आहे, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलास की साडेएकतीस मीटर वर! तो फोटोपुरता ठेव. मार्केट स्ट्रीटकडून गोल्डन गेट पार्ककडे जायला 'विगल' नावाचा नागमोडी रस्ता धर. टेकड्यांना वळसा घालत, फारसं न दमवता तो पॅनहँडलला, म्हणजे गोल्डन गेट पार्कला जोडलेल्या अरुंद हिरव्या पट्टीला पोहोचवतो.

सायकल भाड्याने घेतलीस तर आधी ब्रेक दाबून बघ. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तिथं बहुधा डाव्या. उतारावर सवयीने डावा करकचून दाबलास तर हँडलवरून थेट पुढे! माझं पहिल्याच दिवशी थोडक्यात निभावलं. गाड्या उजव्या बाजूने चालतात, हेही डोक्यात पक्कं बसव. केबल कारचे (रोपवे नव्हे, रस्त्याखालच्या दोराने ओढली जाणारी ट्राम) रूळ शक्यतो काटकोनात ओलांड, तिरकं गेलास की चाक खाचेत अडकलंच.

गोल्डन गेट पूल सकाळीच कर. उन्हाळ्यात दुपारनंतर बोचरा वारा सुटतो आणि धुकं येतं. जुलै असला तरी विंडचीटर हवाच. पलीकडे सॉसालिटोला उतरलास की पुन्हा चढत बसू नकोस, सायकलसकट फेरीबोटीने परत ये. कुलूप मात्र जाडजूड यू-लॉकच घे.