आधी वचनं हातात द्या, विद्वान मागाहून

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मिरजेच्या तुमच्या मंडळीत तुम्ही बायबल अभ्यासाचा वर्ग घेता आणि इंग्रजी पुस्तकं वाचून त्याची तयारी करता. मागच्या वेळी 'मोशेची पाच पुस्तकं (म्हणजे बायबलमधली पहिली पाच) एकट्या मोशेनं लिहिली असं आजचे बहुतेक अभ्यासक मानत नाहीत' असं तुम्ही सांगितलंत आणि दोन वडीलधारे उठून गेले. आता तुम्ही विचारताय, की हा अभ्यास साध्या विश्वासणाऱ्यांपर्यंत न्यावा का, आणि न्यायचा तर कसा.

न्यावा. याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. सांगलीत आमचा वाचनाचा गट बरीच वर्षं चालू आहे. त्यात उपासना न चुकवणारे आहेत, भगिनी मंडळातल्या बायका आहेत, आणि कुतूहलापोटी येणारे वारकरी घरातलेही आहेत. त्यांच्यातल्या कुणाची समज कमी पडते असं मला कधी वाटलं नाही. अडतं ते सांगण्याच्या क्रमात. अभ्यासकाला निष्कर्ष सगळ्यात शेवटी मिळतो. त्याआधी त्यानं तीच वचनं कित्येकदा वाचलेली असतात, कुठे खटकतंय ते टिपलेलं असतं. आपण वर्गात मधलं सगळं गाळतो आणि शेवटचं वाक्य सांगून मोकळे होतो. मग ऐकणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात: मान डोलवायची, नाहीतर उठून जायचं. म्हणून आधी वचनं हातात द्या, विद्वानांची नावं मागाहून येऊ देत.

माझ्या मते सुरुवातीला जलप्रलयाइतका चांगला उतारा दुसरा नाही. उत्पत्ती या पहिल्याच पुस्तकाचे सहा ते आठ हे अध्याय मोठ्या अक्षरात छापून द्या, सोबत लाल आणि निळी पेन्सिल. काही समजावून सांगायचं नाही, फक्त आकड्यांखाली रेघ मारायला सांगायचं. 6:19 मध्ये देव नोहाला सांगतो, प्रत्येक जातीतले दोन-दोन तारवात घे. 7:2 मध्ये परमेश्वर सांगतो, शुद्ध पशू सात-सात घे आणि अशुद्ध दोन. 7:12 ला पाऊस चाळीस दिवस, तर 7:24 ला पाण्याचा जोर दीडशे दिवस. 7:7 ला नोहा कुटुंबासह तारवात गेला, आणि 7:13 ला पुन्हा गेला. थोड्या वेळानं खोलीत कुजबुज सुरू होते. ती होऊ द्या.

आमच्या सांगलीत चाळीस आणि दीडशेवर लगेच उत्तर येतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं. तो पूर किती दिवस होता असं आज विचारलंत, तर गावभागातला माणूस एक आकडा सांगेल आणि विश्रामबागेतला दुसरा. कुणी पाऊस मोजतो, कुणी घरात पाणी होतं ते दिवस मोजतो, कुणी चिखल काढेपर्यंतचे. गटातले लोक म्हणतात, तसंच असेल हे, चाळीस दिवस पावसाचे आणि दीडशे दिवस पाण्याचे. हे उत्तर खोडू नका. ते विचार करून आलेलं आहे, आणि जुन्या भाष्यकारांनीही असंच जुळवून घेतलं होतं. दोन-दोन हा सर्वसाधारण हुकूम आणि सात-सात हा त्याचा तपशील, असंही पूर्वीपासून सांगतात. तेही मांडा. मग एवढंच विचारा, की तारवात दोनदा शिरण्याचं काय करायचं?

त्यानंतर 7:16 वाचायला सांगा. एकाच वचनात आधी 'देवाने' आज्ञा केली आणि लगेच 'परमेश्वराने' दार लावून घेतलं. आता लाल पेन्सिलीनं 'परमेश्वर' असलेल्या ओळी आणि निळीनं 'देव' असलेल्या ओळी रंगवायला सांगा. सगळं काटेकोर जुळत नाही, काही वचनं कुठल्या रंगात घालावीत हे अडतं, पण ढोबळ चित्र उभं राहतं. सात-सात, चाळीस दिवस आणि शेवटी 8:20 मधलं होमार्पण लाल रंगात येतं. दोन-दोन, दीडशे दिवस आणि तारवाची मोजमापं निळ्या रंगात. एका बैठकीत एका मावशींनी आपणहून म्हटलं, "दोनच असते तर होमात दिल्यावर ती जातच संपली असती, म्हणून तिथं सात हवेत." अभ्यासक नेमकं हेच दाखवतात: होमार्पण सांगणाऱ्या धाग्याला जास्तीचे पशू लागतात, दुसऱ्या धाग्यात होमार्पणच नाही, म्हणून त्याला दोन पुरतात. मावशींना हे कुणी शिकवलं नव्हतं.

इथवर आल्यावर सांगा, की 1753 मध्ये झाँ आस्त्रुक नावाच्या फ्रेंच वैद्यानं देवाच्या या दोन नावांवरून उत्पत्तीत दोन मुख्य धागे दिसतात असं मांडलं. आणि त्याचा हेतू मोशेला बाजूला सारण्याचा नव्हता. मोशेनं हाताशी असलेल्या जुन्या नोंदी वापरल्या, असं त्याचं म्हणणं. एकोणिसाव्या शतकात युलियुस वेलहाउझेन या जर्मन अभ्यासकानं ही पाच पुस्तकं चार वेगळ्या स्रोतांतून जुळवली गेली, ही मांडणी पक्की केली. आज ते चार स्रोत जसेच्या तसे मानणारे पूर्वीइतके उरलेले नाहीत, त्यावर बरेच वाद आहेत. पण जलप्रलयाच्या कथेत दोन धागे विणलेले आहेत हे बहुतेकांना मान्य आहे. हा फरक वर्गात स्पष्ट सांगितलाच पाहिजे: कुठे अभ्यासकांचं एकमत आहे, कुठे बहुमत, आणि कुठे निव्वळ तर्क. इंग्रजीतली लोकप्रिय पुस्तकं इथेच घाई करतात. आपण मराठीत सांगताना तरी करू नये.

'धर्मग्रंथाची अशी चिरफाड करणं हे पाश्चात्त्यांचं खूळ' असं कुणी म्हणालं, तर एकनाथ महाराजांची आठवण द्या. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत नकलाकारांच्या हातून पाठभेद शिरले होते. नाथांनी त्या पोथ्या ताडून 1584 मध्ये शुद्ध प्रत तयार केली आणि पुढे कुणी त्यात आपली ओवी घुसडू नये म्हणून बजावूनही ठेवलं. नाथांची ज्ञानेश्वरीवरची भक्ती कमी होती असं कुणी म्हणेल का? पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या संशोधित आवृत्तीचं काम 1919 मध्ये सुरू झालं आणि 1966 मध्ये पूर्ण झालं. त्यासाठी 1,259 हस्तलिखितं अभ्यासली गेली. व्यासांनी सांगावं आणि गणपतीनं लिहावं, ही आपल्या सगळ्यांची लाडकी गोष्ट संपादकांनी मूळ संहितेत न ठेवता परिशिष्टात घातली. महाराष्ट्राला हे काम परकं नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये ते कुणी सांगितलं नाही, एवढंच.

दुसऱ्या बैठकीसाठी मी जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा चाळीसावा अध्याय सुचवेन. 1947 पासून मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत गुंडाळ्या सापडत गेल्या. त्यातली यशयाची मोठी गुंडाळी सातएक मीटर लांब आहे, आणि हिब्रू बायबलचं जे सगळ्यात जुनं संपूर्ण हस्तलिखित आहे त्याहून सुमारे हजार वर्षांनी जुनी. आता 40:7 आणि 8 वाचा. 'गवत सुकते, फूल कोमेजते' हे शब्द दोन्ही वचनांत आहेत. त्या गुंडाळीत पहिल्या 'फूल कोमेजते'पासून दुसऱ्या 'फूल कोमेजते'पर्यंतचा मजकूर मूळ नकलाकाराच्या हातचा नाही. पुढे दुसऱ्या कुणीतरी तो ओळींच्या मध्ये आणि समासात बारीक अक्षरांत लिहिला. बहुतेकांना वाटतं, नकलाकाराची नजर पहिल्या 'कोमेजते'वरून दुसऱ्यावर घसरली. काही म्हणतात, छोटा पाठच आधीचा असावा, कारण जुन्या ग्रीक भाषांतरातही तो मजकूर नाही. या गुंडाळीचे फोटो इंटरनेटवर फुकट पाहता येतात. मोबाईलवर मोठं करून दाखवा. 'आमच्या देवाचे वचन सर्वकाळ कायम राहते' हे आपल्याकडे घराघरांत भिंतीवर लावलेलं वचन. त्याच्याच शेजारी कुणा माणसाचा हात थबकलेला आणि दुसऱ्यानं तो सावरलेला दिसतो. मला त्यात विश्वासाला धक्का देणारं काही दिसत नाही. ज्यांनी ते वचन आपल्यापर्यंत पोचवलं त्यांचे कष्ट दिसतात. आणि बाकीचा यशया, शब्दलेखनाचे आणि बारीकसारीक शब्दांचे फरक सोडले, तर बराचसा आपल्या हातातल्यासारखाच आहे, हेही आवर्जून सांगा. ही बातमी चांगली आहे. ती का लपवायची?

नव्या करारातल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटाची 16:9-20 ही वचनं आणि योहानाच्या शुभवर्तमानातली व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट मात्र पहिल्या काही बैठकांत काढू नका. दोन्ही ठिकाणं सगळ्यात जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाहीत, हे खरं आहे. योहानातली ती गोष्ट काही हस्तलिखितांत तर लूकमध्ये येते. पण कितीतरी जणांना त्या गोष्टीनं क्षमा काय असते ते शिकवलंय. लोकांना पाठभेद हाताळायची सवय होण्याआधी ती काढली, तर त्यांना वाटेल की आपण त्यांच्याकडून काहीतरी काढून घेतोय.

'मग हे देवाचं वचन नाही का?' असं कुणीतरी विचारणारच. घाईनं उत्तर देऊ नका, आणि टाळूही नका. ग्रंथ कसा, कधी, कुणाच्या हातून घडला हे या अभ्यासातून कळतं. त्यातून देव बोलतो की नाही, हे पेन्सिलीनं ठरत नाही. पण 'याचा विश्वासाशी काही संबंधच नाही' असंही म्हणू नका, कारण ते खरं नाही. ज्याला प्रत्येक अक्षर वरून सांगितलेलं वाटतं, त्याला खरोखर विचार करावा लागणार आहे. त्याला वेळ द्या आणि त्याच्याबरोबर बसा.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मी नेहमी देते. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं, शिकलेल्यांसाठी नव्हे, साध्या बायांना वाचता यावं म्हणून. 1922 मध्ये त्या गेल्या आणि 1924 मध्ये ते छापून आलं. भक्ती आणि भाषेची मेहनत यांत त्यांना कधी भांडण दिसलं नाही. साताऱ्यात आयुष्याची शेवटची वर्षं काढलेल्या कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणलं, आणि आज ते अभंग म्हणताना ते कधीकाळी नवीन होते हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. अभ्यासाच्या बाबतीत तेवढं काम अजून व्हायचंय, आणि ते तुमच्यासारख्यांनाच करावं लागेल.

तयारीसाठी येल विद्यापीठाची जुन्या आणि नव्या करारावरची व्याख्यानं फुकट ऐकता येतात. ती इंग्रजीत आहेत. एक करा: ऐकून झाल्यावर बंद करा आणि घरातल्या कुणालातरी मराठीत सांगून बघा. जिथे अडखळाल, तिथे तुम्हालाच ते पुरतं कळलेलं नाही. वाक्यं उचलून भाषांतर कराल तर वर्गाला झोप येईल. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' शेजारी ठेवा, भाषा किती सोपी होऊ शकते हे त्यातून दिसतं. आणि पाळकसाहेबांना आधी भेटा. सेमिनरीत शिकलेल्या बहुतेक पाळकांनी हे सगळं परीक्षेसाठी वाचलेलं असतं. वेदीवरून सांगायची त्यांना भीती वाटते, आणि त्या भीतीमागे कारणं आहेत. त्यांना अंधारात ठेवून वर्ग चालवू नका.

आता जे दोघे उठून गेले त्यांच्याबद्दल. पुढच्या वर्गाआधी त्यांच्या घरी जा. मोशेचा वाद काढू नका. मोशेच्या पाचव्या पुस्तकातलं, म्हणजे 'अनुवाद'मधलं 34:5-8 त्यांनाच मोठ्यानं वाचायला सांगा: मोशे मेला, त्याला पुरलं, आणि 'आजपर्यंत' त्याची कबर कुणाला ठाऊक नाही. हे कुणी लिहिलं असेल, असं त्यांनाच विचारा आणि थांबा. शेवटची आठ वचनं मोशेनंतरचा पुढारी यहोशवा यानं लिहिली, असं मत तालमूद या यहुद्यांच्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथातही नोंदलेलं आहे, म्हणजे हा प्रश्न विचारणारे आपण पहिले नाही, आणि विचारणारे सगळे नास्तिकही नव्हते. एवढं सांगून चहा घ्या आणि निघा. ते पुढच्या वेळी आले तर त्यांच्याही हातात पेन्सिल द्या.

जलप्रलयाची दोन रंगांतली पानं माझ्याकडे मराठीत तयार आहेत. हवी असतील तर इथेच कळवा, पाठवते. मात्र तुमच्या आवृत्तीशी वचनांचे आकडे आधी ताडून घ्या.