एका स्पर्शात चालणारी काच: मॉड्यूल बसवण्यापूर्वी

बटणाच्या एका स्पर्शात गाडीच्या खिडकीची काच पूर्ण वर किंवा खाली नेणारे मॉड्यूल, म्हणजे छोटे इलेक्ट्रॉनिक उपकरण, आपण विकत घेण्याआधी काच वर-खाली करून तिची चाल नीट पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. बहुतेक मॉड्यूल मोटरचा विद्युतप्रवाह मोजतात. काच टोकाला टेकली की मोटर अडते, प्रवाह एकदम वाढतो आणि मॉड्यूल पुरवठा तोडते. त्यामुळे रबरी खाचेत धूळ साचून काच जड झालेली असेल, तर मॉड्यूल त्या अडथळ्यालाच टोक समजते आणि काच अर्ध्यावर थांबते. खाच पुसून सिलिकॉन स्प्रे मारला, की ही तक्रार पुष्कळदा तिथेच मिटते.

सर्वसाधारण मोटरला दोनच तारा असतात व ध्रुव उलटले की दिशा उलटते. मल्टिमीटरने ‘वर’ची तार ओळखूनच जोडणी करावी, बॅटरीची ऋण तार आधी काढावी. दार व चौकट यांमधील रबरी नळीतून तार नेताना तिला थोडी सैल ठेवावी, कारण दार उघडताना ती ताणली जाते.

काच आपोआप खाली जाणे निर्धोक आहे. वर जाण्याचे मात्र तसे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्र. 21 नुसार स्वयंचलित काचेने 100 न्यूटनपेक्षा अधिक दाब देण्यापूर्वीच मागे फिरले पाहिजे. मॉड्यूलमध्ये ही सोय नसेल आणि गाडीत लहान मुले बसत असतील, तर फक्त खाली जाण्याचीच सोय जोडावी.