तुमचा प्रश्न, माझं उत्तर : 'माझ्यामागे हिचं कसं होणार?'

प्रश्न : माझी मुलगी 29 वर्षांची आहे. तिला बौद्धिक अक्षमता आहे. स्वतःची अंघोळ, जेवण ती करते, कपड्यांच्या घड्या माझ्यापेक्षा नीट घालते. पण पैसे कळत नाहीत, रस्ता एकटीने ओलांडता येत नाही. पोटात दुखलं तरी सांगत नाही, नुसती उशी पोटाशी धरून बसते. मिस्टर जिल्हा परिषदेत शिक्षक होते, दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या फॅमिली पेन्शनवर आम्ही दोघी राहतो. मी 63 वर्षांची, गुडघ्याचं ऑपरेशन करायचं आहे. मुलगा-सून पुण्यात आहेत, 'आमच्याकडे या' म्हणतात, पण दोघंही दिवसभर नोकरीवर. निवासी संस्थेचा विचार मनात येतो आणि लगेच अपराधी वाटतं. नात्यातल्या एकीने तर 'पोटची पोर टाकणार का?' असं तोंडावर विचारलं. काय करू?
— एक आई, कराड

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही मुलीचं नाव कळवलं आहे, इथे मी तिला मनू म्हणते.

आधी त्या नातेवाईक बाईंबद्दल. टाकणं म्हणजे नेऊन सोडणं आणि पाठ फिरवणं. आपण हयात असताना, हातीपायी धड असताना मुलीची राहण्याची सोय लावणं याला मी टाकणं म्हणत नाही. हे मी अनुभवाने बोलते आहे.

माझ्या धाकट्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे. आई होती तोवर तो एक रात्रही तिच्यापासून लांब राहिला नव्हता. ती आषाढात अचानक गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला एका संस्थेत ठेवलं, तेव्हा तो 34 वर्षांचा होता. नऊ दिवस तो पिशवी मांडीवर घेऊन फाटकाजवळ बसला. कुठेही गेला तरी दिवेलागणीला आई न्यायला यायची, एवढंच त्याला ठाऊक. जेवेना. तिथल्या वहीत त्याच्यापुढे 'हट्टी' असं लिहिलं होतं. दहाव्या दिवशी स्वयंपाकाच्या मावशींनी मला फोन करून विचारलं, "ताई, हा घरी कसा जेवायचा?" आणि मला लख्ख आठवलं. लहानपणी तोंड भाजल्यापासून तो गरम काही खात नसे. आई वरणभात कालवून त्याच्या वाडग्यात झाकून ठेवायची आणि पार गार झाला की द्यायची. हे आईला माहीत होतं, मला माहीत होतं, मी सांगायला विसरले. त्या संध्याकाळी मावशींनी गार वरणभात पुढे ठेवला आणि तो जेवला.

म्हणून माझं पहिलं सांगणं : आजच एक दोनशे पानी वही आणा. तिच्यात आजाराचं नाव नको, त्यासाठी फाइल आहे. तिच्यात मनू लिहा. उशी पोटाशी धरली तर पोट दुखतंय, हे पहिल्या पानावर. पाळीच्या दिवसांत ती कशी वागते, काय लागतं, हेही मोकळेपणाने लिहा. तुमच्याइतकं हे मुलालाही माहीत नसणार. त्याला शेजारी बसवून वाचून दाखवा.

दुसरं ऑपरेशनचं. मनूची घराबाहेरची पहिली रात्र तुमच्या ऑपरेशनच्या दिवशी येऊ देऊ नका. आई नाहीशी झाली आणि मला इथे आणलं, अशी गाठ तिच्या मनात बसेल. आत्तापासून रोज तीन-चार तास घरी येणारी एखादी ओळखीची बाई ठेवा. घरकामाला नव्हे, मनूसाठी. सुरुवातीचे पंधरा दिवस तुम्हीही तिथेच बसा, मग अर्धा तास बाहेर जा, मग बाजारात. तिला तुमच्याशिवाय दुसऱ्याच्या हातचं घेण्याची सवय हवी. पुढे मुलाकडे राहायचं ठरलं तरी ही सवय लागणारच.

मग एक रात्र, नंतर दोन. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी केंद्र सरकारचा राष्ट्रीय न्यास आहे. तात्पुरत्या निवासासाठीची त्याची 'समर्थ' आणि प्रौढांच्या कायमच्या निवासासाठीची 'घरौंदा' या योजना आता एकत्र केल्या आहेत, आणि 'समर्थ-कम-घरौंदा' या नावाने नोंदणीकृत संस्थांमार्फत चालतात. आपल्याकडे पालकांनी उभी केलेली घरंही आहेत. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं 'घरकुल', बदलापूरला 'आधार'. तिथे तुमच्यासारख्याच आईबापांनी हाच प्रश्न घेऊन सुरुवात केली. प्रवेश मिळो न मिळो, एकदा जाऊन बघून या.

कुठेही गेलात तरी इमारत बघू नका, दुपारी तीनला मुलं काय करत आहेत ते बघा. नुसती भिंतीला टेकून बसलेली दिसली तर परत फिरा. रात्री बायकांच्या बाजूला बाई असते का, किती जणींमागे एक, हे नावानिशी विचारा. न कळवता भेटायला आलं तर चालेल का, हेही विचारा. या प्रश्नावर जो चाचरतो तिथे मी माझा माणूस ठेवणार नाही. अनामत रकमेचं काय होणार ते लेखी घ्या.

आणि मनूला सोबत न्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 5 आहे. अपंग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, तिच्यावर ठरावीक ठिकाणीच राहण्याची सक्ती होऊ नये, घरी येऊन मिळणारी मदत, निवासी सेवा असे पर्याय तिला उपलब्ध हवेत, असं ते सांगतं. प्रत्यक्षात तालुक्याच्या गावी हे पर्याय शोधावे लागतात, आणि याचा मला राग येतो. पण मनूचं मत विचारणं आपल्या हातात आहे. ती बोलून सांगणार नाही कदाचित. तिथे गेल्यावर ती चप्पल काढते की घालूनच उभी राहते, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

आता कागद. मनू 18 ची झाली तेव्हाच कायद्याच्या नजरेत तुमचं नैसर्गिक पालकत्व संपलं. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. तुमचा जिल्हा सातारा, तेव्हा अर्ज तिथे. आई म्हणून तुम्ही स्वतःसाठी किंवा तुमच्या पसंतीच्या व्यक्तीसाठी, म्हणजे मुलासाठीही, कायदेशीर पालकत्व मागू शकता. पालक म्हणजे मालमत्तेचा मालक नव्हे. त्याला मनूच्या मालमत्तेचा हिशेब दरवर्षी द्यावा लागतो, आणि तो नीट वागला नाही तर त्याला काढण्याची तरतूद आहे. मुलाला हे आधीच समजावून सांगा, म्हणजे पुढे त्याला ते अविश्वासाचं वाटणार नाही.

पेन्शनचं मात्र लांबणीवर टाकू नका. स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलीला आईवडिलांच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं. पण तिचं नाव आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र कार्यालयाच्या नोंदीत आजच चढवून घ्या. तुमच्यामागे मुलाने कागद शोधत फिरायचं, हे नको. त्याचबरोबर राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' आरोग्य विम्याची चौकशी करा. त्यात एक लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो, आणि आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही.

पुण्याला जायचं की नाही, हे मी सांगणार नाही. सुनेशी तुम्ही एकट्याने बोला, मुलगा समोर नसताना. ती खरं काय ते सांगेल.

ऑपरेशनची तारीख ठरली की मला कळवा. त्याआधी मनूच्या निदान चार रात्री बाहेर झालेल्या असाव्यात, आणि चारही वेळा सकाळी न्यायला तुम्ही स्वतः जा.